वजन चाकांवर आल्यावर

१७ नोव्हेंबर

दादा,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, घरात सगळं धडधाकट आहे. फोन करायचा तर बाबा गॅरेजच्या शटरपाशी कान देऊन उभे असतात, आणि तू तिकडून 'हं' आणि 'बघू' यापलीकडे जात नाहीस. मला या वेळी 'हं' नकोय.

माझी गाडी मागून आवाज करतेय.

मागच्या पंधरवड्यात बाबांनी तिचं मागचं सगळं काम केलं. शॉकअप नवे, स्प्रिंगा नव्या, चाकं धरणाऱ्या दांड्यांचे रबरी बुशसुद्धा नवे. जुने इतके झिजले होते की खड्डा आला की माझ्या शिकाऊ मंडळींचे दात एकमेकांवर आपटायचे. आता गाडी मऊ चालते, पण प्रत्येक स्पीडब्रेकरवर मागून 'कुर्रर्र' येतं आणि कधीकधी त्याच्या पाठोपाठ 'टक'. वेगात गेलं की ऐकू येत नाही. पण ड्रायव्हिंग स्कूलची गाडी वेगात कधी जाते, सांग. माझ्याकडे एक बँकेतल्या बाई शिकायला येतात. त्या परवा क्लच सोडून दोन्ही हात छातीवर ठेवून म्हणाल्या, "ताई, मागे कुणीतरी कण्हतंय हो." गाडी बंद पडली ती भर चौकात.

बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "नवं रबर आहे, बसेल." दुसऱ्यांदा सांगितलं, तर म्हणाले, "मला तर काही ऐकू येत नाही." तिसऱ्यांदा त्यांनी रेडिओ मोठा केला.

मला चैन पडत नाहीये. कपाटाचं दार वाजलं तरी मी वळून बघते. दुसऱ्या गॅरेजात न्यायची सोय नाही. मेकॅनिकची मुलगी गाडी दुसरीकडे नेते म्हटल्यावर संध्याकाळच्या आत ही बातमी चार गल्ल्या फिरून बाबांपर्यंत येईल. आणि तेवढंच असतं तरी मी गप्प बसले असते. पण पुढच्या महिन्यात शाळेला जोडून सुट्टी आली की व्हॅनवाला त्याची व्हॅन बाबांकडे आणणार आहे, मागचं हेच सगळं काम करायला. त्यात पोरं बसतात, दादा. माझ्या गाडीत बाबांचं काही चुकलं असेल, तर त्या व्हॅनला हात लावण्याआधी मला ते कळायला हवं. मग त्यांना थांबवायचं कसं, ते नंतर बघू.

बाकी ठीक. तू लावलेला पंखा अजून डुलतो आणि बाबा अजून त्याच्याखाली उभे राहत नाहीत. हल्ली त्यांना बागकामाचं सुचलंय. गाडीखाली सरकायचा तो चाकांचा पाट आहे ना, त्यावर कुंड्या मांडल्यात आणि ऊन जिकडे जाईल तिकडे पाट ढकलत असतात. या वयात काहीतरी छंद लागला, बरं झालं.

लगेच लिही.

तुझी बहीण


२२ नोव्हेंबर

भोंग्या,

लहानपणी तू रडायला लागलीस की गल्लीतल्या गाड्या बाजूला व्हायच्या, म्हणून हे नाव पडलं. पत्रातही आवाज तेवढाच आहे. पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं, तर शेजारच्याने विचारलं, घरी काय झालं.

इथे आम्ही माती उपसणारी यंत्रं दुरुस्त करतो. त्यातला एकेक बुश तुझ्याएवढा जड असतो. तुझ्या गाडीसारखी गाडी हाताखालून जाऊन किती दिवस झाले. पण आवाजाचं गणित सगळीकडे एकच आहे. तुझ्याकडे एक नाही, दोन आवाज आहेत आणि तू त्यांची मोट बांधून बसलीस. 'कुर्रर्र' वेगळा आणि 'टक' वेगळा. आधी ते वेगळे कर.

डिकी पूर्ण रिकामी कर. स्टेपनी, जॅक, हत्यारं, तुझ्या त्या 'शिकाऊ' लिहिलेल्या पाट्या, सगळं बाहेर. मग त्याच स्पीडब्रेकरवरून जा आणि काय उरतं ते ऐक. नंतर गाडी उभी करून मागच्या टोकावर दोन्ही हातांनी जोर दे आणि सोड. वर येताना कण्हते की खाली जाताना, ते बघ. मागे कुणाला तरी बसव आणि आवाज वाढतो की कमी होतो ते लिही. सकाळी गार असताना आणि दुपारी तापल्यावर, दोन्ही वेळा. चाक आणि वरच्या मडगार्डमधलं अंतर बोटांनी मोज. स्वतः आडाखे बांधू नकोस. ऐकलंस तेवढंच लिही.

बाबांचं काही चुकलं असेल, हे डोक्यातून काढ. माझं त्यांच्याशी पटत नाही ते वेगळं. त्यांच्या पान्याशी माझं कधीच भांडण नव्हतं. भांडण त्या लिफ्टवरून झालं. मी म्हणालो, गाडी उचलणारी दोन खांबांची लिफ्ट आणू, उभ्याने काम करू. ते म्हणाले, "गाडी टांगून ठेवायला ती काय कंदील आहे?" चार गिऱ्हाइकांसमोर. मी पिशवी भरली. तुला हे पाठ आहे, तरी लिहिलं, कारण अजून राग येतो.

दादा


२७ नोव्हेंबर

दादा,

'टक' सापडला. जॅकचा दांडा स्टेपनीखाली सुटा पडला होता. त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळल्यावर तो गप्प बसला. मला वाटलं, सुटले. मग स्पीडब्रेकर आला आणि 'कुर्रर्र' एकटाच आला, आधीपेक्षा स्वच्छ. टक होता तेव्हा निदान त्याला सोबत तरी होती.

आता ऐकलंय तेवढंच लिहिते. सकाळी आवाज जास्त, दुपारी थोडा कमी. मागे माणसं बसवली की वाढतो. बँकेतल्या बाईंना मागच्या सीटवर बसवून कान खाली लावायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "उजवीकडे. नाही, डावीकडे. ताई, दोन्हीकडे आहेत." जणू मागे दोन माणसं दडून बसलीत. हातांनी दाबून बघितलं, तर गाडी खाली जाताना कण्हते, वर येतानाही कण्हते, आणि वर येताना उगीच जास्तच वर येते. चाक आणि मडगार्डमध्ये माझी पाच बोटं जातात. पुढच्या चाकांना तीनच. गाडी मागून शेपूट वर करून उभी असल्यासारखी दिसते. मला आधीही दिसलं होतं, पण नव्या स्प्रिंगा म्हणून सोडून दिलं.

आणि एक गोष्ट घडली, ती मला सारखी टोचतेय. काल बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं, नेहमीचं रक्तदाब बघायला. माझ्या शेजारी बसले. पहिला स्पीडब्रेकर आला आणि बाबा खोकले. दुसरा आला, पुन्हा खोकले. मला वाटलं, थंडी बाधली. तिसऱ्याला मी मुद्दाम गाडी अगदी हळू घेतली, तर त्यांनी खोकलाही लांबवला. सपाट रस्त्यावर एकदाही खोकले नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, खोकला आहे का, तर म्हणाले, "छे."

त्यांना आवाज ऐकू येतोय, दादा. माझ्याइतकाच येतोय.

घरी आल्यावर ते कुंड्यांना पाणी घालत बसले. व्हॅनवाला येऊन तारीख पक्की करून गेला. मी दारात उभी होते, त्याला अडवलं नाही.

काय आहे ते सांग. माझं कशातच लक्ष नाही. परवा शिकवताना मी बाईंना डावीकडे म्हणाले आणि हात उजवीकडे दाखवला.


२ डिसेंबर

काय आहे ते मला कळलं, आणि कळल्यापासून डोकं ठणकतंय.

नीट वाच. चाकाला धरणारा जो दांडा असतो, त्याच्या टोकाला रबरी बुश असतो आणि त्यातून बोल्ट जातो. बोल्ट आवळला की रबर त्या जागी धरलं जातं. काम करताना गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर असते, चाकं खाली लोंबकळत असतात, म्हणजे दांडाही खाली झुकलेला. तेव्हा बोल्ट नुसते हाताने लावायचे. मग गाडी खाली घ्यायची, वजन चाकांवर येऊ द्यायचं, दांडा आपल्या रोजच्या जागी आला की गाडीखाली झोपून शेवटचं आवळायचं. ते लोंबकळत असतानाच आवळलं, तर गाडी खाली आल्याबरोबर रबराला पीळ बसतो आणि तो कायमचा राहतो. मग ते प्रत्येक स्पीडब्रेकरला ओरडतं. माणसं बसली की जास्त, थंडीत जास्त. आणि पिळलेलं रबर दांड्याला खाली रेटत राहतं, म्हणून गाडी मागून वर दिसते. तुझी पाच बोटं म्हणजे तेच. लगेच काही तुटणार नाही, पण असंच चालवलंस तर वर्षभरात नव्या रबराचा चुरा होईल.

आता ऐक. हे मला कुणी शिकवलं? बाबांनी. ओलं फडकं माझ्या हातात दिलं, एक टोक स्वतः धरलं, म्हणाले पिळ, आणि पिळल्यावर म्हणाले, "आता असाच उभा राहा." मी जेवणाची वेळ होईपर्यंत उभा होतो. त्यानंतर एकदा घाईत मी तीच चूक केली, तर गिऱ्हाइकाला परत बोलावून माझ्याकडून सगळं सोडवून घेतलं. तो माणूस हे विसरेल? स्वतःच्या मुलीच्या गाडीत?

तू गाडी दुसऱ्या कुणाकडे तरी नेलीस. स्वस्त असेल, जवळ असेल, बाबा नको म्हणाले असतील, मला माहीत नाही. आणि आता बाबांच्या डोक्यावर खापर फोडतेस, तेही मला पत्र लिहून, म्हणजे मी येऊन भांडावं. ते खोकतात ते तुझी लाज झाकायला. खरं काय ते लिही, मग पुढचं बोलू.


६ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र फाडणार होते. गाडीचं तेवढं खरं आहे म्हणून ठेवलं.

गाडी आपल्याच गॅरेजात होती. काम बाबांनीच केलं. मी समोर उभी होते, पाने हातात देत होते. गाडी घोड्यांवर होती आणि बाबा बाजूला स्टुलावर बसून, हात आत घालून, एकेक बोल्ट आवळत होते. शेवटचा आवळून झाल्यावर त्यांनी पाना पुसला, गाडी खाली घेतली आणि म्हणाले, "घेऊन जा." खाली कुणी झोपलं नाही. मला काय माहीत झोपायचं असतं? मला शिकवलंत का कधी? ओलं फडकं तुझ्या हातात दिलं, माझ्या हातात झाडू.

आता मला खरंच भीती वाटतेय, आणि ती मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. तू म्हणतोस, तो माणूस हे विसरणार नाही. पण केलंय तर त्यांनीच. मग विसरायला लागलेत का, दादा? तुझं पत्र आल्यापासून मी त्यांच्यावर पाळत ठेवून आहे. परवा चष्मा डोक्यावर ठेवून शोधत होते. काल मला हाक मारताना आधी तुझं नाव तोंडात आलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तरी. आधी या गोष्टींवर मी हसायचे. आता हसू येत नाही.

डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, पण त्यांना सांगितलेलं नाही. व्हॅनवाल्यालाही सांगणार आहे की बाबांकडे देऊ नकोस. ते बाबांच्या कानावर गेलं की गॅरेजचं शटर कायमचं खाली येईल, हे मला कळतं. पण पोरांच्या व्हॅनखाली विसराळू माणूस नको. माझ्याकडून दुसरं काही होत नाही.

तुझ्यावरचा राग तसाच आहे.


१० डिसेंबर

भोंग्या,

चुकलं. तुझ्यावर उगाच तोंड टाकलं. समोर असतीस तर दोन रट्टे दिले असतेस आणि मी खाल्ले असते.

डॉक्टरची वेळ रद्द कर. व्हॅनवाल्याशी अजून बोलू नकोस. मी तुझी सगळी पत्रं बिछान्यावर पसरून पहिल्यापासून पुन्हा वाचली. पहिल्या पत्रात शेवटी तू कुंड्यांचं लिहिलंस आणि मी ते गाळून पुढे गेलो होतो. कुंड्या पाटावर आहेत. त्या पाटावर मला कधी बसूही दिलं नाही बाबांनी, आणि त्याच्यावर माती?

बाबा विसरले नाहीत. विसरलेला माणूस खोकत नाही. कुठला बोल्ट कसा आवळला गेलाय, ते त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून तर स्पीडब्रेकर दिसला की त्यांचा घसा खवखवतो. ते गाडीखाली गेले नाहीत, कारण त्यांना जाववत नाही. स्टुलावर बसून जेवढं हाताला लागलं तेवढं केलं, आणि रबर बसेल अशी आशा केली. ते बसत नाही हेही त्यांना ठाऊक होतं.

कधीपासून, का, ते मला माहीत नाही. तू विचारू नकोस. विचारलंस तर ते 'काही नाही' म्हणतील, आणि एकदा म्हटलं की त्यावर अडून राहतील. आपल्या घरातली ही खोड तुला ठाऊक आहे, माझ्यातही आहे. मी त्यांना वेगळं पत्र टाकतोय, याच टपालाने. चार वर्षांत पहिलंच. काय लिहावं हे कळेना, म्हणून कामाचंच लिहिलं.

पाटावर नजर ठेव.

दादा


१० डिसेंबर

बाबांना नमस्कार.

कामात एक शंका आली म्हणून लिहितोय. समजा एका छोट्या गाडीचे मागचे बुश बदलले आणि ते चाकं लोंबकळत असताना आवळले गेले. आता रबर ओरडतंय. बुश नवे आहेत, फेकायचे नाहीत. आणि ज्याने काम केलं त्याला काही कारणाने गाडीखाली झोपणं शक्य नाही. दांड्याखाली जॅक लावून खोटं वजन द्यावं, तर या गाडीचा दांडा गोल आहे, जॅक निसटतो. अशा वेळी तुम्ही काय कराल?

इथे विचारण्यासारखं कुणी नाही.

तब्येतीला जपा.


१९ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र बाबांनी शटरपाशी उभ्याने वाचलं. मग आत येऊन बसून वाचलं. मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. मी स्वयंपाकघरात एकच भांडं तीनदा घासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कुंड्या भिंतीशी रांगेत उतरवलेल्या, आणि बाबा नळाखाली पाट धरून त्याची चाकं धूत होते. मला म्हणाले, "जुने कपडे आहेत का तुझ्याकडे? घाल."

माझ्या गाडीच्या चारी चाकांखाली त्यांनी लाकडी ठोकळे लावून घेतले, गाडी त्यावर चढवायला लावली, पुढे-मागे पाचरी ठोकल्या. म्हणजे गाडी उंच, पण स्वतःच्या चाकांवर. तेवढ्यात बँकेतल्या बाई क्लासला आल्या. बाबा त्यांना म्हणाले, "बाई, पुढे बसा." त्यांनी विचारलं, आज काय शिकायचं. बाबा म्हणाले, "आज नुसतं वजन व्हायचं." आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले. आयुष्यभर गाडीखाली गेलेला माणूस, वजन म्हणून मागे बसला. मी पाटावर आडवी झाले आणि आत सरकले.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू. नाकाच्या वर चार बोटांवर लोखंड. बाबांचा आवाज सीटमधून, पत्र्यातून खाली येत होता. आधी बोल्ट कुठला, पाना कसा धरायचा, जोर खांद्यातून नाही तर कमरेतून द्यायचा, एवढंच. मी पहिला बोल्ट सैल केला आणि 'टण्ण' असा आवाज होऊन गाडी माझ्या अंगावर येते की काय असं वाटलं. दोन बोटं खाली आली फक्त. बाई ओरडल्या. बाबा म्हणाले, "पीळ गेला. दुसरीकडचा सोड."

दुसरा सैल करत होते तेव्हा ते बोलायला लागले. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं, त्यांचं मला. म्हणून बोलले असतील.

उन्हाळ्यात एकदा दुपारी बाबा औषधवाल्याच्या गाडीखाली होते. मी क्लासला गेलेले. ते उठायला गेले आणि पाठ धरली, अशी की हात सोडून काहीच हलेना. पाट जागेवरून सरकवायलाही पायाचा रेटा लागतो, तो नव्हता. तसेच पडून राहिले. गाडीखालून फक्त रस्त्यावरचे पाय दिसत होते. म्हणाले, "चपला ओळखू येत होत्या गं. कोण कुठे चाललंय, सगळं कळत होतं." व्हॅनवाला आला, शटरमध्ये उभा राहिला, "आहात का?" म्हणून हाक मारली. बाबांनी ओ दिली नाही. तो थांबला आणि गेला.

मी खालून विचारलं, "का नाही दिलीत?"

"काय सांगणार त्याला? मला ओढून काढ?"

ऊन उतरल्यावर पाठ जराशी सुटली. मग चेसिसला धरून हातांनी ओढत बाहेर आले. मी घरी आले तेव्हा नळाशी हात धूत होते. मी म्हणाले होते, "आज लवकर आटपलं वाटतं." हे मला आठवत होतं, दादा. अगदी हेच शब्द. त्यावर ते हसलेही होते.

त्या दिवसानंतर ते गाडीखाली गेलेले नाहीत. खालची कामं काहीबाही सांगून परत पाठवत होते आणि मला वाटत होतं, धंदा मंदावलाय. माझी गाडी परत पाठवता आली नाही, एवढंच. मी तिथे खाली रडले. डोळ्यात माती गेली म्हणायची सोय होती, पण म्हटलं नाही. बाबा वरून म्हणाले, "रडून झालं की आवळ. हात ओला असेल तर पुसून घे, पाना निसटतो."

आवळलं. दोन्हीकडचं. बाहेर आल्यावर त्यांनी मला उठायला हात दिला, आणि मी उठताना उलट त्यांनाच सावरून घेतलं. मडगार्डमध्ये आता तीन बोटं जातात.

मग बाबांना शेजारी बसवून स्पीडब्रेकरवर गेलो. पुढची चाकं गेली, मागची गेली. काही नाही. नुसतं गाडीचं इंजिन. आणि बाबा खोकले. माझ्याकडे बघून म्हणाले, "सवय लागली." मग आम्ही दोघंही इतके हसलो की मागून हॉर्न वाजायला लागले.

व्हॅनवाला संध्याकाळी आला. मी पुढे होणार होते, बाबांनी हाताने थांबवलं. शटरमध्ये उभं राहून त्याला सरळ म्हणाले, "मला आता खाली जाववत नाही. मी बघीन, सांगीन, पण खाली ही जाईल. पटत असेल तर ठेव, नाहीतर दुसरीकडे ने, मला राग नाही." मला वाटलं, जमीन दुभंगावी. तो थोडा वेळ माझ्या कपड्यांवरच्या तेलाकडे बघत राहिला. मग किल्ली बाबांच्या हातात दिली.

व्हॅनचं काम झालं, आवाज नाही. पण सकाळी क्लास, दुपारी गाडीखाली, हे मला रोज जमणार नाही. हे मला कळतं, बाबांनाही कळतं. अजून कुणी बोललेलं नाही. आज दुपारी ते काठी घेऊन गॅरेजात काहीतरी मोजत होते. विचारलं तर म्हणाले, "काही नाही."

तुझ्यावरचा राग गेला.

भोंगा


२० डिसेंबर

पत्र पोचलं. तुझ्या शंकेचं उत्तर बहिणीकडून कळलं असेल.

दांडा गोल असला की जॅक निसटतो, हे तू बरोबर लिहिलंस. लक्षात ठेवलंस.

कामाचं लिहितो. तू तेव्हा जी लिफ्ट म्हणत होतास, ती दोन खांबांची. ती गाडी पोटाला धरून उचलते आणि चाकं लोंबकळत राहतात. शेवटचं आवळायला गाडी परत खाली घ्यावी लागते, आणि माणसाला परत झोपावं लागतं. मी तेव्हा एवढंच म्हणत होतो. म्हणायची पद्धत चुकली असेल. चार माणसं उभी होती, ती नसती तर बरं झालं असतं.

चार खांबांची एक येते असं ऐकलं. तिच्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते, आणि खाली माणूस सरळ उभा राहू शकतो. तसली तुझ्याकडे आहे का, कशी असते, ते कळव. आपल्या गॅरेजात बसेल की नाही ते मी बघितलं. लांबी पुरते, भिंतीकडची फळी काढली तर. उंची काठी लावून मोजली, तीही पुरते.

मधे फक्त पंखा येतो. तो तू बसवलास. मला स्टुलावर चढून हात वर करता येत नाहीत, आणि हिला मी चढू देणार नाही. तेव्हा काढायला तूच ये.